चाचणी कशात झाली, तेही छापा

संपादक महोदय,

‘फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमची जागा आता स्वस्त कार्बन घेणार’ अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेतून वीज बनते; ती अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, आणि तो सहसा प्लॅटिनम असतो. असे उत्प्रेरक तपासणे हेच माझे रोजचे काम. त्यामुळे बातमीत मी आधी एकच गोष्ट शोधते: चाचणी कशात झाली? नेमके तेवढेच बहुधा गाळलेले असते.

चाचणी साधारण अशी होते. उत्प्रेरकाची काळी पूड पाणी, अल्कोहोल आणि चमचाभरही नाही इतक्या नाफिऑनमध्ये (पूड चिकटवून ठेवणारे पॉलिमर) घोळवून शाई करायची आणि तिचा थेंब 5 मिलिमीटरच्या चकतीवर वाळवायचा. शाई कडेला साचून मध्ये विरळ पडली, की चकती पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मिनिटाला 1600 फेऱ्यांनी फिरवायची.

या अल्कलीत नायट्रोजन मिसळलेला कार्बन खरोखरच उत्तम चालतो; 2009 मध्येच तशा नॅनोट्यूबनी प्लॅटिनमवर मात केल्याचे प्रसिद्ध झाले होते. पण मोटारींतल्या फ्युएल सेलचा पडदा सहसा आम्लधर्मी असतो आणि तिथे हाच कार्बन ढेपाळतो. लोह जोडले की काम बरेच सुधारते, टिकाऊपणाचे मात्र हाल. ऑक्सिजनचे पाणी होण्याची अभिक्रिया अर्धवट राहिली की हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, ते लोहाच्या संपर्कात आले की मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, सुटतात आणि उत्प्रेरकाबरोबर पडदाही कुरतडतात.

आणखी एक मेख आहे. चाचणीच्या भांड्यात त्या चकतीच्या जोडीला दुसरा इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार असेल, तर ती किंचित विरघळून कार्बनवर जाऊन बसू शकते. मग कौतुक कार्बनचे आणि काम प्लॅटिनमचे! म्हणून आम्ही तिथे ग्राफाइटची कांडी वापरतो.

खरे तर कार्बन आजच्या फ्युएल सेलमध्येही आहेच. काही नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण त्याच्यावरच बसवलेले असतात. सेल चालू-बंद होताना व्होल्टेज चढले की या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, कण सुटतात, एकमेकांना चिकटतात. हा आधार टिकाऊ करून प्लॅटिनम कमी वापरणे, यावरही भरपूर काम चालू आहे. त्याचा मथळा होत नाही, एवढेच.

पुढच्या वेळी बातमी देताना द्रावण आम्ल होते की अल्कली, चाचणी भांड्यात झाली की पूर्ण सेलमध्ये, आणि किती तास चालली, एवढे बातमीदाराने विचारून छापावे, ही विनंती.

– एक वाचक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ