बांधावर संपणारे रस्ते

मा. संपादक,

धुळ्यात पत्ता सांगणं सोपं : 'गल्ली नंबर चार, अमक्या दुकानासमोर.' १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथे नवं गाव आखलं, तेव्हापासून सरळ गल्ल्यांची ती शिस्त टिकून आहे. एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला, तर शेजारच्या गल्लीतून निघता येतं.

आता पांझरा ओलांडून देवपूरच्या पुढे या. माझ्या मुलीचं घर आमच्या गच्चीवरून दिसतं, तिने काय वाळत घातलंय तेही कळतं. पण मध्ये लेआउटची, म्हणजे शेतात प्लॉट पाडून झालेल्या कॉलनीची भिंत. डबा पोचवायचा तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून दीड किलोमीटर. पावसाळ्यात नातवाला ताप भरला, तेव्हा तिकडे निघालेला रिक्षावाला भिंतीपाशी थांबून म्हणाला, "दादा, रस्ता आठेच सरना." (रस्ता इथेच संपला.)

शेतं गटागटाने, म्हणजे एकेका गट नंबरच्या जमिनीप्रमाणे बिनशेती होतात, ज्याचा त्याचा लेआउट वेगळा. आतले रस्ते रुंद, ओपन स्पेस सोडलेली, कागदावर सगळं ठीक. फक्त एका गटाचा रस्ता दुसऱ्या गटाच्या रस्त्याला भिडत नाही. कपाशी गेली, बांध राहिला! (भाऊबंदकीत शेतांच्या चिंचोळ्या पट्ट्या झालेल्या, म्हणून कॉलन्याही चिंचोळ्या.)

हे दुखणं एकट्या धुळ्याचं नाही. जगभरच्या रस्त्यांच्या जाळ्याचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ पासून नव्या वस्त्यांतले रस्ते एकंदरीत अधिकाधिक तुटक होत गेले आणि एकदा पडलेली आखणी सहसा बदलत नाही, असं त्यात आढळलं. अमेरिकेत मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हा कल उलटला. म्हणजे नव्या आखणीत तरी सुधारणा होऊ शकते.

आपल्याकडे २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे अशी गावं शहरात आली. जिथे अजून पिकं उभी आहेत, तिथे तरी लेआउट मंजूर करताना शेजारच्या गटाचा नकाशा समोर ठेवावा. रस्ता थेट बांधापर्यंत न्यावा आणि त्या टोकाला प्लॉट पाडू देऊ नये, म्हणजे शेजारच्या गटाचा रस्ता तिथे जोडता येईल.

आमच्या भिंतीत पायी आणि सायकलने जाण्यापुरतं फाटक व्हावं, म्हणून सह्या गोळा करतोय. दोघे अडून बसलेत, म्हणतात चोर येतील. चोर आताही भिंतीवरूनच येतात, वळसा आम्हाला पडतो. अठरा सह्या झाल्यात.

– एक ज्येष्ठ वाचक, देवपूर, धुळे