भाड्याच्या घरातल्या गीझरची जबाबदारी कोणाची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून जवळ आला की पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, सगळीकडे घरे बदलण्याची धांदल सुरू होते. एजंट घर दाखवतो, डिपॉझिट ठरते, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर अंगठे उमटतात. कराराच्या शेवटी उपकरणांची यादी असते: पंखे तीन, ट्यूबलाइट चार, गीझर एक. गीझर ‘एक’ आहे, एवढेच त्यातून कळते. तो किती वर्षांचा आहे, त्याची अर्थची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी, तार कुठे जाते, घरात गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आहे की नाही, यातले काहीच लिहिलेले नसते. सोसायटी भाडेकरूची पोलीस पडताळणी मागते, गाडीचा नंबर मागते. अर्थिंगबद्दल कुणी विचारत नाही.

जे उपकरण घराबरोबर दिले आणि ज्यासकट भाडे घेतले, ते सुरक्षित ठेवणे हे घरमालकाचे काम आहे आणि ते करारात लेखी असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर. १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. त्याला या कलमाचा आधार सहजी मिळत नाही. करारात जे लिहिले, तेवढेच त्याचे.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर वायरिंग मालकाकडे आणि गीझरची दुरुस्ती, सर्किट ब्रेकरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट भाडेकरूकडे, अशी वाटणी आहे. ही वाटणी मला मुळातच चुकीची वाटते. गीझर दहा-बारा वर्षे भिंतीवर असतो, तेवढ्या काळात त्याच्याखाली सहा-सात कुटुंबे राहून जातात. कोणता भाग कधी बदलला याचा हिशेब फक्त मालकच ठेवू शकतो. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस जुन्या गीझरवर खर्च करत नाही. तो दोनशे-चारशे रुपयांचा हीटर रॉड आणतो आणि बादलीत सोडतो. म्हणजे एक धोका टळत नाहीच, दुसरा घरात येतो. करारात वेगळे ठरवून ही वाटणी बदलता येते. ती बदललीच पाहिजे.

गीझर बिघडतो कसा, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एलिमेंट म्हणजे पाणी तापवणारी तांब्याची नळी. तिच्या मधोमध तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असले की नळीवर क्षारांचा पांढरा, खरखरीत थर चढतो, अंड्याच्या टरफलासारखा, पुढे त्याहून जाड. पाण्यात जायची उष्णता थराखाली कोंडते, नळी प्रमाणाबाहेर तापते, तिला केसाएवढी चीर पडते आणि पाणी पुडीत शिरते. तेव्हापासून टाकीत वीज उतरू लागते. पाणी तापतच असते, लाल दिवा लागतच असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फार तर शॉवर धरताना हाताला झिणझिण्या येतात, आणि ‘चप्पल घालून अंघोळ करा’ असा सल्ला मिळतो. झिणझिण्या आल्या की गीझर त्याच क्षणी बंद करायचा असतो, बोर्डावरून.

अर्थ चांगली असेल तर ही गळती हिरव्या तारेतून जमिनीत जाते आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लगेच ट्रिप होतो. अर्थ नसेल तर टाकी, पाणी, धातूचा नळ सगळेच वीजभारित राहते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूसच विजेची वाट बनतो. ‘बोर्डात एमसीबी आहे ना, मग झाले’ ही समजूत फार पसरली आहे. एमसीबी जादा भार आला की वीज तोडून तारा वाचवतो, माणूस नाही. छातीतून गेलेला ०.१ अँपिअरचा प्रवाह जीव घेऊ शकतो. ३२ अँपिअरच्या एमसीबीला तो दिसतही नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत घरगुती जोडणीसाठी गळती-संरक्षणाची मर्यादा ३० मिलीअँपिअर आहे, ती याच कारणाने.

भाड्याच्या घरांत अर्थ हरवण्याची कारणे ठरलेली आहेत. जुन्या इमारतींत लोखंडी नळालाच अर्थ जोडलेली असे. बाथरूम नवे करताना नळ प्लास्टिकचे झाले, अर्थ तुटली, सॉकेट मात्र तसेच राहिले. दुसरे कारण याहून वाईट. सॉकेटची प्लेट उघडली की अर्थच्या पितळी स्क्रूपासून शेजारच्या न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) स्क्रूपर्यंत जेमतेम दोन इंचांचा तारेचा तुकडा जोडलेला दिसतो. टेस्टर, मीटर, सगळीकडे ‘अर्थ आहे’ असे दिसावे म्हणून केलेली ही करामत. न्यूट्रल कुठेही सुटली, मीटरजवळच्या जुन्या कटआउटमध्ये नुसती ढिली झाली, की याच तुकड्यातून २३० व्होल्ट थेट गीझरच्या बॉडीवर येतात. शिवाय गळती न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने आरसीसीबीला ती कळतच नाही. आणि त्याच सॉकेटला खरी अर्थही जोडलेली असेल, तर आरसीसीबी सारखा ट्रिप होतो. मग कुणीतरी येऊन तो बायपास करून, म्हणजे वीज त्याला वगळून नेऊन, जातो. बायपास केलेला आरसीसीबी बोर्डात ऐटीत बसलेला असतो, म्हणून तो नसण्यापेक्षाही घातक.

‘गीझर बंद करून मग अंघोळ करा’ ही सवय चांगलीच आहे, पण साध्या स्विचवर तिची खात्री नाही. वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल उलटे झाले असतील तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि एलिमेंटवर फेज तसाच राहतो. म्हणून गीझरला दोन्ही तारा तोडणारा २० अँपिअरचा डीपी स्विच हवा, तोही बाथरूमच्या बाहेर. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि मीटरबोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार लागते. कन्व्हर्जन प्लग लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवला, तर पिनांच्या मुळाशी प्लॅस्टिक आधी तपकिरी होते, मग काळे, मग पेट घेते.

घर रिकामे असताना परवानाधारक वायरमनकडून ही तपासणी तासाभरात होते. आरसीसीबीचे ‘टी’ (टेस्ट) बटण दाबून तो ट्रिप होतो का, हे पाहायचे. पण या बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, अर्थ नाही. अर्थ अजिबात नसली तरी बटण काम करते. म्हणून प्रत्येक सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट लॅम्प लावायचा. आरसीसीबी तत्क्षणी ट्रिप झाला तर तो चालतो आणि अर्थ जोडलेली आहे. दिवा नुसता जळत राहिला तर आरसीसीबी निकामी, बायपास केलेला, किंवा तो दोन इंचांचा तुकडा आत आहे, प्लेट उघडायचीच. दिवा लागलाच नाही आणि आरसीसीबीही हलला नाही, तर अर्थ नाही. ही चाचणी रहिवाशाने स्वतः करू नये: अर्थची तार पुढे तुटलेली असेल तर लॅम्पमधून घरातल्या इतर उपकरणांच्या बॉडीवर वीज येते. त्यानंतर मेन बंद करून, गीझर व वॉशिंग मशीन सुटे करून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग आणि दोन्ही उपकरणे मोजायची. वायरिंगचे इन्सुलेशन एक मेगाओमपेक्षा कमी नको. गीझरचे माप वायरिंगइतके चांगले नसते, पण ते लिहून ठेवले की पुढच्या वेळी घसरण लगेच दिसते. एलिमेंट, टाकी गंजू न देणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड आणि प्रेशर व्हॉल्व्ह कधी बदलले, तेही तिथेच लिहावे.

एवढा खर्च कशाला, हे मालकांचे कारण मला पटत नाही. आरसीसीबी दोन-अडीच हजारांत येतो, एलिमेंट काही शेकड्यांत. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची वीजतपासणी निदान दर पाच वर्षांनी करून तिचा अहवाल रहिवाशाला द्यावा लागतो. आपल्याकडे निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते माणूस गेल्यानंतर.

रहिवाशाचीही बाजू आहे. स्वतः आणलेल्या उपकरणांची जबाबदारी त्याचीच. आरसीसीबीला कुणाला हात लावू द्यायचा नाही, महिन्यातून एकदा ‘टी’ बटण दाबायचे, झिणझिण्या आल्या तर मालकाला फोनवर न सांगता लेखी कळवायचे, व्हॉट्सअॅपवर का होईना.

माझी मागणी नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. कराराच्या ऑनलाइन नमुन्यात उपकरणांच्या यादीशेजारी चार रकाने वाढवावेत: आरसीसीबी आहे का, अर्थ कधी तपासली, गीझरचे वर्ष, वायरमनचा परवाना क्रमांक. ते रिकामे असतील तर नोंदणी पुढे जाऊ नये. अर्थिंगचा खड्डा, म्हणजे इमारतीची अर्थ जिथे जमिनीत उतरते ती जागा, मात्र सोसायटीचा असतो, एकट्या मालकाच्या हातात नसतो. सोसायट्यांनी उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे, वर्षातून एकदा त्याचा रोध मोजून घ्यावा आणि आकडा व तारीख झाकणावर रंगाने लिहावी.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक, पुणे