मग पुढं काय झालं, सुन्या?

कोल्हापूर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सुन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरातलं कुणी गेलेलं नाही. आईची शुगर आहे तिथंच आहे, माझं बीपी गोळीवर चाललंय. दीड वर्षात एक फोन केला नाही त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे आणि मग पुढं वाच.

स्किलाची गेला. आपला नव्वदच्या वर्ल्डकपातला, इटलीचा फॉरवर्ड. बुधवारी, पालेर्मोत. आतड्याचा कॅन्सर. वय ५९.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. महाद्वार रोडवर रात्रभर त्या स्पीकरच्या भिंतींपुढं उभं राहून सकाळी घरी आलो, ते दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपलो. उठलो तर कानात अजून ढोल वाजतोय, आणि ओंकार समोर मोबाइल धरून उभा. म्हणाला, "पप्पा, हा तुमचाच न्हवं?" फोटोत तेच डोळे. खोबणीतून बाहेर पडतील की काय असे. मला काही बोलताच येईना. बायकोला वाटलं मिरवणुकीत दारू झाली. आता तिला काय सांगणार? म्हणून तुला लिहितोय.

सुतारमामांची माडी आठवते ना? ९ जून १९९०, रात्री साडेबाराला मॅच, मामा भिंतीला टेकून घोरतायत. इटली नुसती ऑस्ट्रियाच्या गोलपोस्टवर हाणतीय आणि गोल काही होत नाही. पाऊण तास झाला, तास झाला. ७५व्या मिनिटाला कोच विचिनीनं कार्नेवालेला बाहेर काढून हा आत सोडला. इटलीकडून तोवर एकच मॅच खेळलेला गडी. आपण म्हणालो, हे कोण? चार मिनिटं झाली नसतील, व्हियालीनं उजवीकडून बॉल उचलला आणि दोन धिप्पाड ऑस्ट्रियनांच्या मधून ह्यानं डोकं लावलं. आपल्या बोंबेनं मामा उठले ते "कोण मेलं, कोण मेलं" करतच. दुसऱ्या दिवसापासून मामांच्या तोंडात तो शिलाजी झाला. "आज शिलाजी हाय का रं?" आपल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये मला वर्षभर शिलाजी म्हणायचे ते त्याच्यामुळं. माझ्या खेळामुळं नव्हे, हे तू नेहमी जोडायचास. जोड.

आणि नेपल्सची अर्जेंटिनाविरुद्धची सेमीफायनल. तुझा मॅराडोना तिथल्याच नापोलीचा, म्हणून गाव निम्मं फुटलेलं. १७व्या मिनिटाला स्किलाचीनं गोल केला तेव्हा तू गप्प. ६७व्याला इटलीचा गोलकीपर झेंगा उगाच पुढं आला, कनिजियानं डोकं लावलं, आणि तू खाटेवर असा नाचलास की खाटेचा पाय मोडला. तोवर त्या वर्ल्डकपात झेंगाला एकही गोल बसला नव्हता! मग पेनल्ट्या. बारेसी, बाज्जो, दे आगोस्तिनी यांनी मारल्या. दोनादोनी आणि सेरेनाच्या अडवल्या. स्किलाची मारायला आलाच नाही. तू म्हणालास, "फाटली त्याची." मी दहा दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. खाटेचे पैसे मात्र दोघांनी निम्मे निम्मे भरले.

बारी शहरात तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये इंग्लंडविरुद्ध पेनल्टी मिळाली तर बाज्जोनं बॉल त्याच्या हातात दिला. घे, तू मार. सहावा गोल. गोल्डन बूटही त्याचा, गोल्डन बॉलही त्याचा.

आणि माझी गोष्ट इथं संपते. चौतीस वर्षं मी ती इथंच संपवत आलोय.

आता खरं काय ते लिहितो. ओंकारचं चाललंय ते तुझ्या कानावर असेल. परवाच्या साली शाहू स्टेडियमवर त्यानं अकरा गोल मारले. पेठेत पोस्टर लागलं, चहावाला पैसे घेईना. गेल्या साली एक, तोही समोरच्या डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेलेला. ज्यांनी खांद्यावर घेतला तेच गॅलरीतून आईवरनं शिव्या घालत होते. मी त्यांच्या मागच्याच पायरीवर बसलो होतो. खाली मान घालून शेंगा सोलत. शेवटच्या तीन मॅच त्याला बसवूनच ठेवला. आता नव्या सीझनची नोंदणी आलीय आणि पोरगा फॉर्मवर सही करत नाही. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागतीय, अठरा हजार, रात्रपाळी. दसऱ्यापर्यंत कळवायचंय.

तर त्या दुपारी, मोबाइल त्याच्याच हातात, मी त्याला सगळं सांगितलं. पालेर्मोच्या गरीब वस्तीतलं पोरगं, तिथल्या बस खात्याच्या टीममधून खेळायला लागलेलं (आपल्या केएमटीची टीम समज), मग मेस्सिनात सात वर्षं, बहुतेक खालच्याच डिव्हिजनांत. शेवटच्या वर्षी झेमान कोच, सेरी बी म्हणजे तिथल्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये २३ गोल, तेव्हा कुठं युव्हेंटसनं उचललं, १९८९ला. वय चोवीस. बघ, तू अजून बावीसचा आहेस, वगैरे वगैरे. तुला माझं भाषण माहीत आहे. बाज्जोनं बॉल हातात दिला इथपर्यंत आलो आणि थांबलो.

तो म्हणाला, "मग पुढं?"

सुन्या, मला पुढचं येतंय की. पण तोंडातून निघेना. पुढं काय, पुढच्या सीझनला युव्हेंटसकडून लीगमध्ये पाच गोल. बोलोन्याच्या एका खेळाडूला भर मैदानात "गोळी घालायला लावीन" म्हणाला, त्याचा बोभाटा. उत्तरेकडच्या स्टेडियमांत हा दक्षिणेतला म्हणून टायरचोर टायरचोर असं ओरडायचे. वर्ल्डकपनंतर इटलीकडून आणखी एकच गोल, नॉर्वेविरुद्ध. सगळे मिळून १६ मॅच, ७ गोल. त्यातले सहा त्या एका महिन्यातले. मग इंटर क्लब, तिथंही काही जमलं नाही. ज्या पालेर्मोत जन्मला त्या पालेर्मो क्लबकडून तर कधी खेळलाच नाही.

हे मी गोल न होणाऱ्या पोराला सांगू?

मी गप्प बसलो म्हणून त्यानंच मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. पाच गोल वाचले, काही बोलला नाही. १९९४ला जपान, जुबिलो इवाता, तिथं थांबला. "७८ मॅचमध्ये ५६ गोल? पप्पा, हे तुम्ही कधी सांगितलं न्हाई." मी म्हटलं, जपानचं काय धरायचं, तेव्हा तिथली लीग नुकतीच सुरू झालेली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं ना. म्हणाला, "म्हंजे तुमी बघितलं न्हाई म्हणून ते गोल न्हवंत?" आणि आत निघून गेला. चार दिवस झाले, जेवायला येतो, जातो. बूट गॅलरीत टांगलेत, गेल्या मेपासूनचा चिखल अजून तसाच, वाळून पांढरा पडलाय.

तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, चालतोस का आता? मनालीचं कुठपर्यंत आलं? ठाण्यातला फ्लॅट रीडेव्हलपमेंटला गेला का अजून सह्याच चालल्यात? वहिनींना नमस्कार सांग.

सुन्या, ९२ साली तू माझ्यापेक्षा दुप्पट चांगला खेळायचास. हे मी पहिल्यांदा लिहून देतोय, जपून ठेव. त्या सीझनला तुझे गोल आटले आणि ठाण्याचं कॉललेटर आलं. रंकाळ्यावर तू मला विचारलंस, काय करू? मी म्हटलं, जा मर्दा, पगार चालू होईल. तू गेलास. स्टँडवर सोडायलाही मीच आलो होतो. नंतर किती वेळा भेटलो, किती वेळा पांढरा रस्सा ओरपला, पण ते बरोबर सांगितलं का चूक, हे मी तुला विचारलं नाही आणि तूही काढलं नाहीस. तुझ्या जागी मी तालमीचा फॉरवर्ड झालो, हेही त्यात आहेच. तेव्हा ते माझ्या मनात होतं का नव्हतं, मला अजून नीट सांगता येत नाही.

आता पोरगा विचारत नाहीये, पण मी त्याला काय सांगतो ह्याची वाट बघतोय, एवढं मला कळतंय. जा म्हटलं तर तुझा चेहरा दिसतो. राहा म्हटलं तर ती गॅलरी.

तू ठाण्यात कंपनीकडून खेळलास ना दोन-तीन वर्षं? मी एकही मॅच बघायला आलो नाही. किती गोल मारलेस रे तिथं? मला नको सांगू. ओंकारला फोन कर, नंबर बदललेला नाही. रात्री जेवण झाल्यावर तो गच्चीत असतो.

तुझा,
शिलाजी

ता. क. त्याची फाटली नव्हती. पाय दुखत होता.