टेबल बदलून बस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाइड, लॅब, कोर्सवर्क यांवर तू दोन पानं भरलीस आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस की कॉमन रूममध्ये पेट्रोलियमवाले एका टेबलावर बसतात, तुम्ही भूविज्ञानवाले दुसऱ्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला त्या ओळीवरच लिहायचंय. बाकीचं तुझे गाइड बघतील.

टेबल बदलून बस. आईचा हुकूम समज हवं तर.

तुमच्याकडे पृथ्वी आणि ऊर्जा हे दोन्ही विषय एकाच कॉलेजात का कोंबतात, याचं एक उत्तर कारभाराची सोय हे आहेच. पण ज्या खडकातून एक जण तेल किंवा उष्णता काढतो, त्याच खडकाचं वय दुसरा काढत असतो आणि तो खडक हलतोय का यावर तिसरा डोळा ठेवून असतो. तिघांना एकमेकांचे आकडे लागतात. मेलवर मागितले तर फाइल मिळते. ती फाइल कुठे फसवी आहे, हे मात्र कुणी मेलमध्ये लिहीत नाही. ते बोलता बोलताच कळतं.

मी सूक्ष्मजीवाश्मांचं काम करायची, तेव्हाचं सांगते. तेलाची विहीर खणताना चिखलाबरोबर वर येणारा दगडाचा चुरा धुऊन, चाळून आमच्याकडे यायचा. काळ्या ट्रेमध्ये तो पसरायचा, अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं आणि मायक्रोस्कोपखाली एकेक फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रातल्या एकपेशी जिवाचं इवलंसं कवच, उचलून स्लाइडवर ठेवायचा. कोणती जात दिसली यावरून विहीर आता कोणत्या काळच्या थरात आहे ते सांगायचं. पुस्तकात हे सरळ असतं. प्रत्यक्षात वरच्या भिंतीचे ढलपे सुटून खालच्या चुऱ्यात मिसळतात, त्यामुळे एखादी जात खाली कुठवर मिळते यावर विसंबताच येत नाही. खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे भेटली, ती खोली धरायची. शिवाय तळाचा चुरा वर यायला वेळ लागतो, तो हिशेब वेगळाच. हे मला जीवाश्मांच्या कुठल्याही सरांनी नाही, रिगवरून आलेल्या एका ड्रिलिंगच्या माणसाने कागदावर विहीर काढून समजावलं. माझ्या टेबलावरच्या मंडळींना तो माणूस अडाणी वाटायचा.

तुझ्या विषयातली याहून मोठी उदाहरणं आहेत. 4 जून 1921 ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीजवळ काही जणांनी लहानसा सुरुंग उडवला आणि खालच्या थरावर आदळून परत आलेली लाट नोंदवली. जगभर तेल शोधायचं आज जे मुख्य साधन आहे, त्या रिफ्लेक्शन सर्व्हेची ही सुरुवात. त्यातला जॉन क्लॅरेन्स कार्चर भौतिकशास्त्राचा. पहिल्या महायुद्धात आवाजावरून तोफांचा ठिकाणा काढण्याच्या कामातून ही कल्पना आली. विल्यम हेसमनही भौतिकशास्त्राचाच, पण आयर्विंग पेरिन आणि डॅनियल ओहर्न हे भूवैज्ञानिक. लाट परत आली हे भौतिकवाल्यांना कळलं असतं. ती कोणत्या थरावरून आली, हे सांगायला खडक पायाखाली घातलेला माणूस लागतो. (याच कार्चरने यूजीन मॅकडरमॉटबरोबर 1930 मध्ये काढलेल्या कंपनीतून पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स निघाली, ती कॅल्क्युलेटरवाली. हे उगाच, तुला गंमत वाटेल म्हणून.)

आता टेबलं वेगळी राहिली की काय होतं ते ऐक. अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ, रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी कारखान्याने रासायनिक सांडपाणी जिरवायला 3,671 मीटर खोल विहीर खणली. मार्च 1962 मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली आणि पुढच्याच महिन्यापासून धक्के बसू लागले. नोव्हेंबर 1965 मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने दोन आलेख एकाखाली एक मांडले: महिन्याला किती पाणी गेलं आणि त्या महिन्यात किती धक्के बसले. दोन्ही बरोबरच चढत-उतरत होते. फेब्रुवारी 1966 मध्ये पाणी बंद केलं. पण सगळ्यात मोठे धक्के त्यानंतर, 1967 मध्ये आले. भेगांमधल्या पाण्याचा दाब भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजूंना जरा सैल करतो, घर्षण कमी पडतं आणि आधीच ताणलेला खडक सरकतो; आणि हा दाब नळ बंद केला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, तो लांबलांबपर्यंत पसरत राहतो. 1969 ते 1973 या काळात कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि उतरवून पाहिला. धक्के त्याप्रमाणे वाढले, कमी झाले.

एवढं सगळं छापून आलेलं होतं. तरी पुढे ओक्लाहोमात काय झालं बघ. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी खोल आर्बकल थरात परत सोडत होते, आणि हा थर खालच्या कठीण पायाखडकाला लागून आहे. 2009 च्या आधी 3 मापाचे किंवा त्याहून मोठे धक्के तिथे वर्षाला एखाद-दुसरे असत. 2015 मध्ये 900 च्या वर गेले. 3 सप्टेंबर 2016 ला पॉनी गावाजवळ 5.8 चा धक्का बसला. नियामकांनी पाणी कमी करायला लावलं, तसे धक्के उतरू लागले. कोणत्या विहिरीत किती पाणी, किती दाबाने गेलं हे आकडे एका टेबलाकडे असतात. धक्का कुठे आणि किती खोल बसला हे दुसऱ्याकडे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही.

तुझ्या पत्रातला सूर मला ओळखता येतो गं. 'ते' तेलवाले, 'आम्ही' शुद्ध विज्ञानवाले. मग हेही ऐक. 2006 च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराखाली भू-औष्णिक, म्हणजे जमिनीतली उष्णता वापरणाऱ्या, प्रकल्पासाठी पाणी दाबलं, 3.4 चा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला 15 नोव्हेंबर 2017 रोजी 5.4 चा भूकंप झाला, तोही भू-औष्णिक प्रकल्पाशीच जोडला गेला. दोन्ही ठिकाणी हेतू स्वच्छ ऊर्जेचा होता. आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, धरणाच्या जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभरच्या पुस्तकांत असतो. तिथे ना तेल होतं ना वायू. खडकाला तुमचा हेतू कळत नाही, दाब कळतो.

उद्या कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडायचा झाला तरी लागणारी माणसं हीच. उत्तर समुद्रात स्लाइप्नरला 1996 पासून तो वालुकाश्मात सोडतायत. त्याचा ढग खाली कसा पसरतोय हे बघायला तीच रिफ्लेक्शनची पद्धत, आणि विहिरीचं सिमेंट वर्षानुवर्षं टिकेल का हे सांगायला तुमच्या पलीकडच्या टेबलावरचा पोरगा. आइसलँडमध्ये कार्बफिक्सवाल्यांनी वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, त्यातल्या बहुतेकाचा दोन वर्षांच्या आत खनिज होऊन दगड झाला. त्या कामाला रसायनवाले, पाणीवाले, बेसॉल्टवाले सगळे लागले.

आता लॅबचं. एकत्र राहणं म्हणजे वाढदिवस आणि सहली एवढंच तू धरू नकोस. तुमच्या कॉलेजात ते खरं दिसतं जॉ क्रशरपाशी, दगड फोडायच्या यंत्रापाशी. तू झिरकॉनवर, खडकाचं वय सांगणाऱ्या त्या बारीक खनिजकणांवर, काम करणार आहेस, म्हणजे दगड फोडणं, धुणं, जड द्रवात बुडवणं, चुंबकातून काढणं आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली कण वेचणं आलंच. तुझ्याआधी कुणी क्रशर नीट झाडला नसेल तर त्याच्या दगडातला एखादा झिरकॉन तुझ्या नमुन्यात येऊन बसतो. मग तुझ्या वाळूखडकात भलत्याच वयाचा एक दाणा निघतो आणि त्यावर तू अख्खं प्रकरण लिहून मोकळी होतेस. म्हणून आधी झाड आणि नंतरही झाड. ब्रश, व्हॅक्यूम, अल्कोहोल, सगळं. तुझ्यानंतर येणाऱ्याचं नाव तुला ठाऊक नसलं तरी.

कोअरच्या, म्हणजे विहिरीतून अखंड काढलेल्या दगडी दंडगोलांच्या, गोदामातही तेच. कोअरवर शेजारीशेजारी दोन उभ्या रेघा असतात, एक लाल, एक काळी. कोअर सरळ धरला की लाल उजवीकडे येते. एखादा तुकडा हातात घेऊन भिंगातून बघताना ही खूण नजरेआड झाली आणि तो उलटा परत ठेवला गेला, तर पुढच्या माणसाला कणांची रचना उलटी दिसते, आणि ज्या थरात समुद्र पुढे आला तिथे त्याला तो मागे गेलेला दिसतो. पेटी जशी मिळाली तशीच परत कर. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाशी आणि पातळ छेद बनवणाऱ्याशी ओळख ठेव. 0.03 मिलिमीटरपर्यंत दगड घासणं हे हातातलं कसब आहे. मायक्रोस्कोपखाली ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचा रंग पिवळट आला तर छेद अजून जाड आहे, राखाडी-पांढरा आला की थांबायचं. ती माणसं शोधनिबंधाच्या लेखकांत नसतात. आभारात तरी त्यांची नावं नीट, शुद्धलेखनासह घाल.

एक गोष्ट मात्र हुकूमच. हायड्रोफ्लोरिक अॅसिडच्या खोलीत एकटीने पाऊल टाकायचं नाही. परागकणांसाठी सिलिकेट विरघळवायला ते वापरतात, तुझ्या शेजारच्या लॅबमध्ये नक्की असेल. सौम्य अॅसिड लागलं तर आधी दुखतसुद्धा नाही, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरत असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय ते आजच बघ, आणि ट्यूबवरची मुदत वाच. मुदत संपलेली असली तर लाजू नकोस, बोंब मार.

फील्डबद्दल मुलींना कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून सांगते. बरोबर सगळे पुरुष असले की बाई दिवसभर पाणी कमी पिते, आडोसा शोधायची वेळ येऊ नये म्हणून. ही सवय लावून घेऊ नकोस. निघायच्या आधीच फील्ड लीडरला सांग की अमुक अमुक ठिकाणी गाडी थांबवायची. तो अवघडला तर अवघडू दे. आणि तंबूत, गाडीत, कुणाच्याही वागण्याने पोटात गोळा आला तर पहिल्याच वेळी बोल, पदवी कुणाच्या हातात आहे याचा विचार करत बसू नकोस.

तू कंपन्यांच्या कन्सॉर्शियमच्या पैशाबद्दल विचारलंस. घ्यावा की नाही? मी घेईन. पण सही करण्याआधी करारातली दोन कलमं स्वतः वाचीन: आकडे कुणाच्या मालकीचे, आणि प्रबंध किंवा शोधनिबंध छापण्याआधी कंपनी तो किती दिवस अडवून ठेवू शकते. थोडे महिने असेल तर ठीक. मुदतच लिहिलेली नसेल तर गाइडना विचार, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घे. लेखकांचा क्रमही सुरुवातीलाच ठरव. काम संपत आल्यावर तो विषय निघाला की चांगली माणसं भांडतात.

विद्यार्थी संघटनेत जायचं का, याचं उत्तर सोपं आहे: खुर्च्या लावण्यापुरतं जाऊ नकोस. इंपीरियल बॅरलसारख्या स्पर्धेत तुला घेत असतील तर जा. एका खोऱ्याची सगळी माहिती पुढ्यात टाकतात, काही आठवड्यांची मुदत देतात आणि टोळीने मिळून सांगायचं असतं, विहीर खणावी का आणि कुठे. तिथे तुझं नाजूक झिरकॉन-वय पलीकडच्या टेबलावरच्या कुणाला तरी पैशात मांडावं लागतं आणि 'या आकड्यावर मी विहीर खणू का?' असं तो थेट विचारतो. आमच्या सेमिनारमध्ये इतका सरळ प्रश्न मी क्वचित ऐकला.

एकटं वाटत असेल तर ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मीही खोदत नाही. लॅबचं दार रात्री उघडं असतं म्हणून रोज तिथे बसू नकोस, एवढंच.

पहिल्या नमुन्याचं वय आलं की कळव. नुसता आकडा नको, त्याचा प्लस-मायनसही लिही. आणि कोणते दाणे गाळलेस, ते का, तेही.

तुझी,
आई