वाईट बातमी वेळेत कळावी म्हणून

पुणे
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडे टीमची जबाबदारी आल्याचे परवा फोनवर कळले आणि मनापासून आनंद झाला. फोन ठेवता ठेवता तू विचारलेस, की इतकी वर्षे टीम सांभाळून मी नेमके काय शिकलो. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही आणि दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून आज निवांतपणे लिहायला बसलो आहे.

मी जे शिकलो त्यातले बहुतेक एकाच प्रसंगाने शिकवले. ग्राहकांचे परतावे पाठवणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे होता. पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्या सेवेकडून, उत्तर यायला उशीर झाला, की पहिली विनंती फसली असे समजून तो दुसरी पाठवत असे, आणि दोन्ही विनंत्या एकाच परताव्याच्या आहेत हे गेटवेला कळावे म्हणून त्यांना एकच ओळख क्रमांक देण्याची काळजी आम्ही घेतलेली नव्हती, त्यामुळे एखाद्या ग्राहकाला परतावा दोनदा जात असे. मंगळवारच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, टीममधली सर्वांत नवी मुलगी म्हणाली, "सर, प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये काही नोंदी दोनदा दिसत आहेत." नव्या आवृत्तीचा रिलीज दोन दिवसांवर आला होता. मी लॅपटॉपवरून नजरही न उचलता म्हणालो, "आधी नीट तपास, मग सांग." ती गप्प झाली आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. गुरुवारी रिलीज झाला. शुक्रवारी दिवाळीच्या सेलचे परतावे सुरू झाले, गेटवे मंदावला आणि संध्याकाळपर्यंत दुहेरी परताव्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला.

त्या रात्री अडीच वाजता ती आणि मी एका स्क्रीनसमोर बसून एक्सेलमध्ये एकेक नोंद जुळवत होतो. ऑर्डर क्रमांक तोच, रक्कम तीच, वेळेत फक्त तीस सेकंदांचा फरक. मध्येच तिने स्वतःची वही उघडली, तेव्हा मंगळवारच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले चार ऑर्डर क्रमांक मला दिसले. प्रत्येकाभोवती गोल केलेला होता. मी विचारले, "हे तुला तेव्हाच सापडले होते?" ती म्हणाली, "हो सर, पण कारण सापडत नव्हते. कारण कळल्याशिवाय तुम्हाला कसे सांगणार?" ते पान मी अजून विसरू शकलेलो नाही. चूक कोडमध्ये होती हे खरेच, परंतु चार नोंदींवर थांबू शकणारी गोष्ट दोनशेवर गेली ती माझ्या एका वाक्यामुळे, आणि माझ्या दृष्टीने ती कोडमधल्या चुकीपेक्षा मोठी चूक होती.

पुढे मी अशा घटनांचे जाहीर झालेले अहवाल वाचू लागलो. त्यांतला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचे कोड साठवणाऱ्या कंपनीचा अहवाल तू अवश्य वाच. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हता, कारण बॅकअप घेणारी आज्ञा पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या जुन्या आवृत्तीची आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, परंतु ते रीतसर डिजिटल स्वाक्षरीचे नसल्यामुळे स्वीकारलेच जात नव्हते. हे वाचताना मला आमचा मंगळवार आठवला. बातमी निघाली होती, दारातून परत पाठवली गेली होती. त्यांनी मात्र त्या इंजिनिअरचे नाव अहवालात घातले नाही आणि दुरुस्तीचे काम सगळ्यांना पाहता येईल असे उघड्यावर केले. काही तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून ते निभावले.

तेव्हापासून काही बिघडले, की "कोणी केले?" हा प्रश्न मी विचारत नाही, "पहिल्यांदा कोणाला आणि कधी शंका आली?" एवढेच विचारतो. सुरुवातीला लोक उत्तर द्यायला कचरत असत. सहा-आठ महिन्यांनी "अजून खात्री नाही, पण..." अशी वाक्ये स्टँडअपमध्ये आपोआप येऊ लागली, आणि ते "पण" ऐकताच मी हातातले काम बाजूला ठेवतो. वरिष्ठांपुढे टीमची चूक मी माझी म्हणूनच मांडतो. हे सोपे नाही, वार्षिक मूल्यमापनात त्याची किंमत मी मोजलेली आहे, तरीही त्याला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तुझ्यावर ही वेळ लवकरच येईल. काम मागे पडले की वरून माणसे वाढवून देण्याची तयारी दाखवली जाते. मागे पडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी मागे पडते, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. पाच जणांत आपसांतल्या बोलण्याच्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५. तेवढ्या वाटांवर एखादी शंका कुठे हरवली हे तुला कळणारही नाही. नवी माणसे घ्यायचीच असतील, तर काम रुळावर असताना घे.

तू म्हणालास, की तुझ्या टीममधला एक मुलगा मीटिंगमध्ये कधीच तोंड उघडत नाही. त्याला सर्वांसमोर बोलते करू नकोस. चहाला एकट्यालाच घेऊन जा आणि सध्या त्याला कशाची धास्ती वाटते ते विचार. काय म्हणाला ते मला नक्की कळव.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना खोलीमित्र