नोटीस बोर्डावर खरे पगार लागू द्या

संपादक महोदय,

वेतन संहिता, 2019 अखेर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तेव्हापासून सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे : बेसिक एकूण पगाराच्या निम्म्यावर नेले तर हातात किती पडणार? प्रश्न रास्त आहे. पण याच संहितेच्या कलम 50 मधल्या एका तरतुदीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. संहितेचा गोषवारा, पगाराचा दिवस, निरीक्षकाचे नाव-पत्ता यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांचे श्रेणीनिहाय वेतनदर मालकाने दर्शनी जागी नोटीस बोर्डावर लावायचे आहेत.

टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर प्रत्यक्षात काय असते? किमान वेतनाचा सरकारी तक्ता. अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि विशेष भत्त्याचा आकडा, जो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. हे त्या कारखान्याचे दर नव्हेत, सरकारने आखलेली तळाची रेषा आहे. कारखान्यात फिटरला काय देतात, पॅकिंगमधल्या बाईला काय देतात, हे त्या कागदावरून कळत नाही. ‘श्रेणीनिहाय वेतनदर’ याचा अर्थ प्रत्यक्ष दिले जाणारे दर, तेही स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे, असाच घेतला पाहिजे आणि राज्याच्या नियमांत तसे स्वच्छ लिहिले पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

जुना अनुभव इथे उपयोगी आहे. समान वेतन कायदा, 1976 खाली ‘नमुना ड’ हे रजिस्टर ठेवावे लागे. त्यात कामाची श्रेणी, कामाचे वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती असे रकाने होते. वेतनदराचा रकाना मात्र दोघांना मिळून एकच. बेसिक, महागाई भत्ता, घरभाडे यांचेही तसेच. म्हणजे फरक टिपण्यासाठी केलेल्या रजिस्टरमध्ये फरक लिहायला जागाच नव्हती. वर ते रजिस्टर कपाटात राही आणि निरीक्षक आला तर बाहेर निघे. कामगाराच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे होते.

आकडा दिसत नाही तेव्हा किंमत कोण मोजते, ते मुंबईतल्याच एका खटल्यात दिसले. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. त्यांची नोकरी 1977 मध्ये संपली. पुरुष लघुलेखकांइतकेच काम असताना कमी वेतन दिले, हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केला. दहा वर्षे. स्त्रियांचे काम वेगळे होते, युनियनशी करार झाला होता, देण्याची ऐपत नाही, हे कंपनीचे सगळे मुद्दे न्यायालयाने फेटाळले. निकाल आजही मार्गदर्शक आहे. पण तो मिळवायला आपल्याला कमी मिळते हे आधी कळावे लागते आणि मग एकटीने लढावे लागते.

मालकवर्गाकडून पहिला आक्षेप येईल तो कामाच्या बोज्याचा. वेतन खात्यात बसणाऱ्या कोणालाही विचारा, माहिती गोळा करण्याचे काम आधीच झालेले आहे. दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भविष्यनिर्वाह निधीचे (पीएफचे) ईसीआर, म्हणजे मासिक ऑनलाइन विवरण, भरले जाते. त्यात प्रत्येकाचा यूएएन (पीएफ खातेदाराचा क्रमांक), ग्रॉस म्हणजे कपातीआधीचे एकूण वेतन, पीएफसाठीचे वेतन आणि बिनपगारी दिवस असतात. त्याच तारखेपर्यंत ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, भरणा होतो. टीडीएसचे विवरण तिमाहीला जाते. महाराष्ट्रात तर आणखी एक सोय आहे. व्यवसाय करात स्त्रियांना महिना 25 हजारांपर्यंत माफी आहे आणि पुरुषांना ती 7,500 पर्यंतच, त्यामुळे इथल्या प्रत्येक पेरोल सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नावापुढे स्त्री की पुरुष याची नोंद करावीच लागते. नाही केली तर कर चुकतो. तेव्हा श्रेणी, लिंग आणि ग्रॉस हे तीन रकाने घेऊन एक पान काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

अवघड आहे ते पान खरे ठेवणे.

पहिली मेख वेतनाच्या व्याख्येत आहे. समजा, एकाच लाइनवर दोन सुपरवायझर आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि दोघांचे बेसिक 15,000. त्याला घरभाडे आणि कन्व्हेयन्स मिळून 9,000, तिला 4,000. एकूण 24,000 आणि 19,000. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तरच जादा भाग वेतनात धरतात; इथे दोघांचेही निम्म्याच्या आत असल्याने पीएफसाठीचे वेतन दोघांचे सारखेच, 15,000. हा आकडा उचलला तर फरक शून्य. संहितेत यावर तोड आहे : व्याख्येखालचे दुसरे परंतुक (‘परंतु’ म्हणून जोडलेली अट) सांगते की समान वेतन तपासताना कन्व्हेयन्स, घरभाडे, ओव्हरटाइम हेही धरायचे. म्हणून या पानावर, म्हणजे वेतन अहवालात, ग्रॉसच आले पाहिजे. ईसीआरमधला पीएफ-वेतनाचा रकाना चिकटवून मोकळे होणाऱ्यांना नियमाने तिथेच अडवावे.

दुसरी मेख सरासरीची. पाच स्त्रियांचे पगार 18, 19, 20, 21 हजार आणि पाचवी संचालक, 2 लाख 22 हजार. सरासरी 60,000. पाच पुरुषांचे 26, 27, 28, 29, 30 हजार, सरासरी 28,000. कंपनी छातीठोकपणे सांगेल की आमच्याकडे स्त्रियांना दुपटीहून जास्त मिळते. पगार चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधला घ्या, म्हणजे मध्यक. स्त्रियांचा 20,000, पुरुषांचा 28,000. पुरुषाच्या 100 रुपयांमागे स्त्रीला 71 रुपये 43 पैसे. दोन्ही आकडे मागवावेत, पण बोर्डावर मध्यक वर असावा.

तिसरी गोष्ट तासांची. महिन्याच्या ग्रॉसमध्ये ओव्हरटाइम मिसळलेला असतो आणि तो दुप्पट दराने मिळतो. जो थांबला त्याचा पगार फुगतो, दर तोच राहतो. म्हणून ओव्हरटाइम वगळून तासाचा दर काढावा आणि ओव्हरटाइम कोणाला किती मिळाला हे शेजारी स्वतंत्र दाखवावे, कारण ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे सुपरवायझर ठरवतो आणि बरीचशी तफावत तिथेच तयार होते. बोनस, इन्सेंटिव्ह, कमिशन यांचाही रकाना वेगळा. महिना कोणता घ्यायचा हेसुद्धा नियमाने ठरवून द्यावे. दिवाळीचा महिना नको, बोनस आणि एक्स-ग्रेशियाने (मालकाने खुशीने दिलेल्या रकमेने) चित्र बिघडते. एप्रिल नको, वेतनवाढीची पत्रे तोवर निघालेली नसतात. ऑगस्ट त्या मानाने स्वच्छ जातो.

बाळंतपणाच्या रजेबाबत तर हमखास चूक होते. ईएसआयखालच्या स्त्रीला 26 आठवड्यांचा लाभ ईएसआय महामंडळ थेट देते, त्यामुळे कंपनीच्या वेज रजिस्टरला त्या काळात तिच्या नावापुढे शून्य असते. तो शून्य तसाच हिशेबात गेला तर स्त्रियांचा मध्यक खाली घसरतो. पुढच्या वर्षी व्यवस्थापन हेच उदाहरण दाखवून अख्खा अहवाल निरर्थक ठरवते. ठरलेल्या महिन्यात पूर्ण पगारावर नसलेली माणसे, स्त्री असो वा पुरुष, दराच्या हिशेबातून वगळावीत, मात्र संख्येत मोजावीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठेही जा. झाडलोट, कँटीन, पॅकिंग, लोडिंग ही कामे ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. कंपनीने फक्त आपल्या रोलवरचे आकडे दिले तर सर्वांत कमी पगाराची माणसे कागदावरून गायब होतात आणि कंपनी आदर्श ठरते. ब्रिटनमध्ये हा दोष राहून गेला आहे : सफाई आणि कँटीन बाहेर दिले की ती माणसे दुसऱ्याच्या अहवालात जातात. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायदा सुधारून ठेकेदारामार्फत 100 किंवा जास्त माणसे घेणाऱ्या कंपनीला त्यांचा वेगळा अहवाल सक्तीचा केला. आपल्याकडे हे जास्त सोपे आहे. ठेकेदार महिन्याच्या बिलाला त्या कामगारांचे पीएफ आणि ईएसआयचे चलान जोडतो, त्याशिवाय बिल पास होत नाही. मुख्य मालकाच्या टेबलावर ती माहिती दर महिन्याला येऊन पडते. तिचा तक्ता मूळ तक्त्याला जोडून लावावा.

असे अहवाल आपल्या देशात अगदीच नवे नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम 197(12) खाली शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना प्रत्येक संचालकाचे मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे सांगावे लागते. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने ठरवलेल्या बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता) अहवालात 2022-23 पासून पहिल्या 1000 कंपन्या स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन देतात. पण त्यात कनिष्ठ कारकून आणि उपाध्यक्ष एकाच ‘कर्मचारी’ गटात बसतात आणि आकडा वार्षिक अहवालाच्या शेकडो पानांत कुठेतरी असतो. ब्रिटनने 2017 च्या नियमांनी 250 आणि त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक मालकाचे आकडे एकाच सरकारी संकेतस्थळावर आणले. नाव टाकले की आकडे समोर. शिवाय पगारानुसार माणसांचे चार समान भाग करून प्रत्येक भागात स्त्रिया किती, हेही तिथे द्यावे लागते. वरच्या पगारांत स्त्रिया नसतात, हे त्या चार ओळींत जितके स्पष्ट होते तितके कोणत्याच टक्केवारीत होत नाही.

नुसते जाहीर करून भागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. डेन्मार्कमध्ये 2006 च्या कायद्यानंतर फरक घटला, पण मुख्यतः पुरुषांची वेतनवाढ मंदावल्यामुळे. म्हणून युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात पुढची पायरी आहे : एखाद्या श्रेणीत फरक 5 टक्के किंवा जास्त निघाला, त्याला समर्पक कारण देता आले नाही आणि सहा महिन्यांत तो दुरुस्त झाला नाही, तर कामगार प्रतिनिधींसह वेतनाची संयुक्त तपासणी करावी लागते. त्याच निर्देशाने पगार कोणाला सांगू नये, ही करारातली अट मोडीत काढली आणि उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास मनाई केली. आपल्याकडे ‘लास्ट ड्रॉन सॅलरी’ हा अर्जातला नेहमीचा रकाना आहे. आधी जिथे कमी मिळाले तिथला तोटा नव्या नोकरीत बरोबर घेऊन जाण्याची ती सोय आहे. तो रकाना बंद व्हायला हवा.

कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, विषय आहे. नियमांनी भागले तर नियमांनी, नाहीतर राज्यदुरुस्तीने महाराष्ट्राला हे करता येईल. सुरुवात 100 कामगारांच्या आस्थापनांपासून करावी. ज्या श्रेणीत स्त्रिया किंवा पुरुष पाचांहून कमी असतील ती शेजारच्या श्रेणीत मिळवावी, म्हणजे कोणा एकाचा पगार उघडा पडणार नाही. श्रेण्यांची नावे मात्र कंपनीवर सोडू नयेत, नाहीतर पुरुष ‘ऑपरेटर’ आणि त्याच यंत्रावरची स्त्री ‘हेल्पर’ हा जुना प्रकार अहवालातही उतरेल. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल संहितेत 10 हजारांपर्यंत दंड आहे. हजार माणसांच्या कारखान्याला त्याचे काय? कॅलिफोर्नियात अहवाल न दिल्यास पहिल्या वेळी माणशी 100 डॉलर दंड बसू शकतो. आपणही दंड माणशी लावावा.

आणि त्या पानावर सही एचआरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याची चालवून घेऊ नये. आकडे बरोबर असल्याचे लिहून खाली संचालकाने सही करावी, ब्रिटनमध्ये करतात तशी, आणि तेच सहीचे पान टाइम ऑफिसच्या बोर्डावर मराठीत लागावे.

— वेतन व कामगार कायद्याचे काम करणारे काही सल्लागार, पिंपरी-चिंचवड