बाई, ठराव मंजूर झाला

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या सर्वसाधारण सभेत आमचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प खरोखर चालवण्याचा ठराव मांडला गेला आणि मंजूर झाला. प्रकल्प बारा महिने, रोज चालेल. त्याचं लाइट बिल आणि ऑपरेटरचा पगार मेंटेनन्समध्ये वेगळा धरला जाईल. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला लिफ्टशेजारच्या फलकावर लागेल. तुम्ही आमच्या सभासद नाही, त्यामुळे इतिवृत्तात तुमचं नाव येणार नाही. पण हा ठराव कुणामुळे झाला हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून हे पत्र लिहितोय. पुण्यातल्या पाषाण तळ्यावर तुमच्यासोबत येणाऱ्या बाकीच्यांनाही वाचता यावं म्हणून ते उघडं ठेवलंय.

तुम्ही आमच्या क्लबहाउसमध्ये पहिल्यांदा आलात तेव्हा आम्हाला वाटलं होतं, पाषाण तलावाचे जुने फोटो दाखवाल, पूर्वी किती पक्षी यायचे ते सांगाल आणि शेवटी श्रमदानाची तारीख द्याल. तुम्ही विचारलंत, "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?" खडकवासला, हे सगळ्यांनी सांगितलं. पानशेत, वरसगाव, टेमघर हीही नावं आली. मग विचारलंत, "आणि जातं कुठे?" त्यावर कुणीच बोलेना. तुम्ही फळ्यावर वाट काढून दाखवलीत: आपलं चेंबर, मागचा ओढा, रामनदी, पाषाण तलाव, मुळा, मग मुळा-मुठा, भीमा, उजनी. उजनीपाशी थांबून म्हणालात, सोलापूरला हे पाणी प्यायला जातं. आणि आषाढीला पंढरपुरात ज्या चंद्रभागेत आपण बुडी मारतो, ती उजनीखालची हीच भीमा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दरवर्षी वारीला जातात. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझंच पाणी माझ्याआधी पोचतं की तिथं." त्या दिवसापासून त्या तुमच्या एकाही फेरीला चुकल्या नाहीत.

मला वाटतं, आमची गाठ तिथंच सुटली. पाषाणचं तळं ब्रिटिश काळात रामनदी अडवून बांधलं गेलं ते आसपासच्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून. राज्यपालांच्या निवासस्थानालाही तिथलं पाणी जाई. लोक ते पाणी वापरत होते, तोवर त्याच्यावर डोळा ठेवणारं कुणी ना कुणी होतं. नळाचं पाणी लांबच्या धरणांतून यायला लागलं आणि दाराशी असलेलं तळं फक्त चालायला जायची जागा उरली. त्याची काळजी वाटावी असं रोजचं कारणच आमच्याकडे राहिलं नव्हतं. तुम्ही ते परत आणून दिलंत, आणि तेही कुणाला न रागावता. माशांना कणकेचे गोळे टाकणाऱ्या काकांना तुम्ही अडवलं नाहीत. त्यांच्याशेजारी बसून, न खाल्लेली कणीक तळाशी कुजताना पाण्यातला प्राणवायू कसा वापरते ते समजावलंत. आता तेच काका दुसऱ्यांना समजावतात.

पण खरं शिक्षण झालं ते बाटल्यांचं. झाकण घासून बसवलेली ती काचेची बाटली तुम्ही पिशवीतून काढलीत, ती पाण्याखाली धरून बुडबुडा न राहू देता भरलीत आणि त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे थेंब सोडलेत. ही रीत विंकलर नावाच्या हंगेरीतल्या रसायनशास्त्रज्ञानं 1888 मध्ये काढली, आणि अजून ती चुकत नाही, असं सांगितलंत. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. एक बाटली बांधाजवळच्या पाण्याची, एक रामनदी तळ्यात शिरते तिथली. दोन्ही कठड्यावर शेजारीशेजारी ठेवल्यात. बांधाकडची तपकिरी झाली. दुसरीत दुधासारखा पांढरा साका हळूहळू खाली बसत गेला, आणि सातवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे यात श्वासच नाही." त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं आम्ल तुम्ही हातमोजे घालून स्वतः ओतलंत, मुलांना जवळ येऊ दिलं नाहीत, आणि वापरलेलं सगळं रसायन कॅनमध्ये भरून परत घरी नेलंत. त्या कॅनवर मुलांनी किती प्रश्न विचारले! तुम्ही तळ्यावर शिकवायला येता आणि थेंबभरही तळ्यात टाकत नाही, हे त्यांनी नीट पाहून ठेवलंय.

पहाटे का बोलावता, यावर सुरुवातीला बरीच कुरकुर झाली होती. मग तुम्ही एकाच जागेचं पाणी एकदा उजाडायच्या आधी आणि एकदा दुपारी तीनला मोजायला लावलंत. पुण्याच्या उंचीवर, 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, हे तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं. दुपारी आकडा त्याच्याही वर गेला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत होतं. पहाटेचा आकडा मात्र निम्म्याच्याही खाली होता, कारण रात्रभर तेच शेवाळ श्वास घेत होतं. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं किमान 5 मिलिग्रॅमचा निकष धरलाय. आमचं दुपारचं पाणी त्यात बसत होतं, पहाटेचं नाही. दिवसाउजेडी पाण्याचा नमुना घेऊन 'सगळं ठीक आहे' म्हणता येतं, ही गोष्ट त्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यात बसली. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मासे पोट वर करून का तरंगतात, तेही मग उलगडलं. रस्त्यावरची, ओढ्यातली उन्हाळाभराची घाण एकदम आत येते, तळाचा गाळ ढवळला जातो आणि मुळातच कमी असलेला प्राणवायू काही तासांत संपतो. तोवर आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी विष टाकल्याची चर्चा व्हायची.

जलपर्णीबद्दलही असंच झालं. मशीन आलं, ढीग काढला, फोटो निघाले आणि काही महिन्यांत पाणी पुन्हा हिरवंगार झाकलं गेलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. तुम्ही काढू नका असं कधीच म्हणाला नाहीत, काढलीच पाहिजे म्हणालात. पण ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे, खाणं भरपूर असेल तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं, हेही सांगितलंत. तिचं खाणं म्हणजे मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणातलंही. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली तर तेच खाणं पावसाबरोबर पुन्हा पाण्यात. तणनाशक मारलं तर ती बुडून तळाशी कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही जातो. स्फुरदाचं म्हणणं पटावं म्हणून तुम्ही कॅनडातल्या एका तळ्याचा फोटो दाखवलात. 1973 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी ते तळं मधोमध पडद्यानं विभागलं. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्यात तेच दोन्ही आणि वर स्फुरद. विमानातून काढलेल्या त्या फोटोत एक भाग काळाभोर, दुसरा गर्द हिरवा. आमच्या मजल्यावर त्यानंतर साबणाच्या पुड्यांवरचं बारीक छापलेलं वाचायची सवय लागली.

शेकाट्यांचं तर मला अजूनही नवल वाटतं. लांब लाल पायांचे ते देखणे पक्षी वाढले म्हणून आम्ही खूश होतो. तुम्ही दुर्बीण दिलीत आणि ते काय खातायत ते बघायला सांगितलंत. उथळ, घाण चिखलात त्यांना अन्न भरपूर मिळतं. चाळणीत गाळ घेतला तर बारीक लाल अळ्या निघाल्या, ज्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि म्हणून प्राणवायू नसलेल्या गाळातही त्या तग धरतात. चतुरांच्या अळ्या शोधून सापडेनात. पक्षी मोजताना किती यापेक्षा कोणते, हे बघायचं असतं, हा धडा मुलींनी वहीत लिहून घेतलाय. हळदीकुंकू बदक दिसलं की वही निघते.

आमच्यापैकी बऱ्याच जणांना एक प्रश्न पडायचा, आणि तो बरोबरही आहे: एका सोसायटीनं सुधारून काय होणार? नदीच्या काठानं किती सोसायट्या, किती ओढे, किती राडारोडा. तुम्ही याला उडवाउडवीचं उत्तर दिलं नाहीत. सिएटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन तळ्याची हकिकत तुम्ही सगळी सांगितलीत. काठच्या गावांचं सांडपाणी त्या तळ्यात जात होतं. 1955 मध्ये तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्यात एक विशिष्ट शेवाळ आढळलं. युरोपातली तळी बिघडताना तेच आधी दिसलं होतं. त्यांनी पुढं काय होणार ते लोकांना सोप्या शब्दांत सांगितलं. 1958 मध्ये मतदान झालं, लोकांनी पहिल्या खेपेला प्रस्ताव फेटाळला, त्याच वर्षी दुसऱ्या खेपेला मंजूर केला. सांडपाणी वळवायचं काम 1963 ते 1968 चाललं. पाणी किती नितळ आहे ते बघायला दोरीनं खाली सोडतात ती पांढरी चकती 1964 मध्ये पाऊण मीटरवर दिसेनाशी व्हायची, ती 1968 मध्ये तीन मीटरपर्यंत दिसू लागली. लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचं ठरवलं ते कायद्याच्या भीतीनं नाही, तर त्यांना कळलं म्हणून, असं तुम्ही म्हणालात. आणि लगेच बजावलंत की आपलं तळं उथळ आहे, तळाशी गाळ साचलाय, त्या गाळातून स्फुरद वर्षानुवर्षं सुटत राहणार. इतक्या लवकर फरक दिसेल असं समजू नका. तुम्ही आम्हाला खोटी आशा दाखवली नाहीत, याबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे. खोट्या आशेवर जमलेली माणसं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकली नसती.

तसंच गणपतीचं. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात का विरघळत नाही हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. आपल्याच पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटची जी रीत सुचवली, ती बादलीत करून दाखवलीत. मूर्ती बादलीत विसर्जित करायची हे एका आजोबांना रुचलं नव्हतं. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, उत्तरपूजेला बसलात, आरती म्हटलीत. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून शाडूची मूर्ती आणली आणि ती माती कुंडीत घातली. निर्माल्याचा खड्डा आता तेच बघतात.

तुमच्याबरोबर कात्रजला गेलो तो दिवसही लिहायला हवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, तिथून दगडी नळातून पाणी शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना आलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, हवा बाहेर पडावी आणि गाळ खाली बसावा म्हणून. पाणी पेठेत पोचायच्या आधीच त्याच्या स्वच्छतेचा विचार केलेला होता. परतीच्या बसमध्ये आमचे खजिनदार गप्प होते. मला आता वाटतं, ठरावाचा मसुदा त्यांच्या डोक्यात तिथंच तयार झाला असावा.

सभेत विरोध झालाच. महिन्याला घरटी वाढणारी रक्कम लहान नाही, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी ती विचारली हे योग्यच होतं. प्रकल्प कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद, हे कित्येक वर्षं सगळ्यांच्या सोयीचं होतं. तेव्हा त्या मुलानं, बाटलीत श्वास नाही म्हणाला होता त्यानं, आमच्या प्रकल्पाच्या पाइपातून भरलेली बाटली टेबलावर आणून ठेवली. आता तो नववीत आहे. त्यानं थेंब टाकले. साका पांढराच बसला. रक्कम विचारणाऱ्यांतल्याच एका पेन्शनर आजोबांनी मग ठरावाला अनुमोदन दिलं. वाढीव रक्कम फ्लॅटच्या आकारमानाप्रमाणे घ्यायची ही दुरुस्तीही त्यांचीच.

या सगळ्यासाठी, बाई, मनापासून आभार. आयुष्यभर शाळेत शिकवल्यावर निवृत्तीची वर्षं तुम्ही आम्हा अनोळखी माणसांसाठी काठावर उभं राहून घालवलीत. येण्याजाण्याचे पैसे कधी घेतले नाहीत, रसायनांचे घेतलेत ते पावतीसकट. शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमच्या ठरावाची प्रत मागितली आहे, ती दिली.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही बांधावर असू. तुमचा गुडघा बरा असेल तरच या, मी गाडी पाठवतो. बाटलीतला प्राणवायू मोजायला शेवटी लागणारं सोडियम थायोसल्फेट संपत आलंय, ते आणून ठेवतो. मुलांनी तुमच्यासाठी प्रश्नांची यादी केली आहे. पहिलाच प्रश्न असा: पावसाळ्यात चकती लवकर दिसेनाशी होते, ती शेवाळामुळे की मातीमुळे हे कसं ओळखायचं? मला उत्तर देता आलेलं नाही.

आपला,
सूस रस्त्यावरच्या सोसायटीतला एक विद्यार्थी